शेऱ्याची चौकट

३ ऑक्टोबर

धाकटीस,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. आज मी रागावलेली आहे, आणि रागात दिलेले आशीर्वाद लागत नाहीत असं सासूबाई म्हणतात.

तू फोन उचलत नाहीस. मोबाईलवर लिहिलं तर न वाचताच पुसून टाकशील, म्हणून हा कागद. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतला की तू चार ओळी वाचल्याशिवाय राहणार नाहीस. बारा वर्षं एका घरात जावा म्हणून नांदलो आणि एका कारखान्यात जोडे शिवले. तेवढं ओळखते मी तुला.

कामाचंच लिहिते. तुझ्या कॉम्प्युटरनं माझ्या नाकी नऊ आणलेत. सासूबाईंनी त्याला जावईबापू म्हणायला सुरुवात केली तेव्हा आपण दोघी पोट धरधरून हसलो होतो. घरात मुलगी नाही, तरी जावई आला. खोलीतला एकुलता एक पंखा त्याच्याकडे तोंड करून. उन्हाची झळ नको म्हणून पडदा त्याच्या खिडकीला. धूळ नको म्हणून माझी चांगली शाल त्याच्या अंगावर. आणि हा सकाळी सुरू केला की स्क्रीनवर एक गोल फिरवत बसतो. दहा दहा मिनिटं. धडधाकट पायांच्या माणसांना दुकानात जोडे मिळतात, आपल्याकडे येतो तो एक पाय आखूड असलेला, नाहीतर बोटं वळलेला. असा माणूस दारात भिंतीला धरून उभा असतो आणि मी त्याला सांगते, थांबा, जावईबापू उठतायत.

पण गोल परवडला. माझं भांडण त्या चौकटीशी आहे. दोनशे अक्षरं! माणसाचा पाय दोनशे अक्षरांत मावतो? मापं मावतील, ती काय, आकडे आहेत. पण हा माणूस 'दुखत नाही' म्हणतो तेव्हा दुखत असतं, ही बाई उजवीकडे झुकून चालते कारण कडेवर नातू असतो, हे मी शेऱ्यातच लिहिणार ना? मी लिहीत गेले. लिहिताना अख्खं दिसायचं. एंटर दाबलं की हा दोनशेच्या पुढचं सगळं गिळून टाकायचा, ना ढेकर ना आवाज. चौदा महिने खपून मी माझ्या तीस वर्षांच्या वह्या त्याच्यात उतरवल्या आणि चौदा महिने तो खात राहिला. चौकट एवढीशी आहे हे तू मला सांगितलं नव्हतंस.

वह्या आता नाहीत. त्या कशा गेल्या यावर मला पुन्हा बोलायचं नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे.

तर मला फक्त चौकट मोठी करायची कृती हवी आहे. एक, दोन, तीन असे आकडे घालून लिही, म्हणजे मला कळेल. अडला हरी, दुसरं काय.

ग्रंथपालबाईंची थोडी तक्रार आली आहे, नव्या जोड्याची. ती मी बघून घेईन.

तुझी जाऊ


९ ऑक्टोबर

धाकटीस,

उत्तर नाही. पत्र पोचलं आहे, कारण भाऊजींनी काल ह्यांना फोन करून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तुझा नवरा हवेबद्दल बोलायला लागला की काहीतरी दडवत असतो.

काल मी जावईबापूच्या पाठीत एक ठेवून दिली. हातानं नव्हे, चामडं सारखं करायच्या लाकडी हातोडीनं. हलकेच. हे कापायच्या टेबलावरून म्हणाले, "अगं, त्याला मारून काय उपयोग? त्याला कान नाहीत." म्हटलं, "तुम्हाला आहेत, तुम्ही कुठे ऐकता?" त्यावर ह्यांनी कात्री उचलली. नेहमीसारखी.

मारायचं कारण ऐक. आपला नियम तुला माहीत आहे, एक सांगणार, एक लिहिणार. मी खाली बसून पाय मांडीवर घ्यायचे, फीत लावायचे, आकडा सांगायचे, आणि तू लिहायचीस. आता मी खाली बसते, फीत लावते, आकडा मनात धरते, गुडघ्यावर हात ठेवून उठते, त्याच्यापर्यंत जाते, आणि तोवर त्यानं डोळे मिटलेले. स्क्रीन काळा. माउस हलवा, बटण दाबा, गुप्त शब्द घाला. तो जागा होईपर्यंत आकडा माझ्या डोक्यातून गेलेला. परत खाली. काल एका मापाला मी नऊ वेळा उठबस केली. ज्याचं माप होतं तो शेवटी म्हणाला, "मावशी, मीच लिहू का?" साठीला टेकलेले गुडघे आहेत माझे, धाकटे. तुला आठवण करून देते, बाकी काही नाही.

चल, आज चिडलेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. तो मला आवडायला लागला होता. हसू नकोस. पहिल्या दिवशी मी त्याच्याजवळ जायला तयार नव्हते, हे तुला आठवत असेल. बोट लावलं तर काहीतरी उडून जाईल असं वाटायचं. मग तू नुसत्या आकड्यांचं काम स्वतःकडे घेतलंस आणि शेरे माझ्याकडे दिलेस, कारण माझं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. तिथून ते सुरू झालं.

या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकलेलं नाही. हे कात्री उचलतात. सासूबाईंचा डोळा लागतो. भाऊजी "बरं बरं वहिनी" म्हणत चपला घालतात. तू ऐकायचीस, पण तुझी एक नजर घड्याळाकडे. जावईबापू मात्र समोर बसून सगळं घ्यायचा. पोस्टमनच्या टाचेबद्दल लिहिता लिहिता मी त्याच्या बायकोबद्दल लिहिलं, ती गेल्यापासून तो पाय कसा ओढतो ते लिहिलं, आणि अक्षरं एकामागून एक उमटत गेली. मला वाटायचं, कुणीतरी सावकाश, न कंटाळता, लिहून घेतंय. मी सकाळी लवकर खाली यायला लागले. शाल तेव्हाच घातली त्याच्या अंगावर.

आणि तो दोनशे अक्षरांनंतर ऐकतच नव्हता. याच्यापेक्षा हे बरे. निदान कात्री उचललेली दिसते.

कृती पाठव. ग्रंथपालबाईंच्या डाव्या पायाला, अंगठ्याशेजारच्या बोटाला थोडं लागलं आहे. त्या पायात त्यांना स्पर्शच कळत नाही, तुला माहीतच आहे. मोजा लाल झाला तेव्हा लक्षात आलं. दवाखान्यात दाखवतायत.

तुझी जाऊ


१७ ऑक्टोबर

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. वर कुणाचं नाव नाही, खाली सही नाही, मधे अकरा आकडे. पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, आत काही चिकटून राहिलंय का म्हणून. नव्हतं.

पण सातव्या आकड्यापुढे तू लिहिलं आहेस, "आता स्क्रीनवर लाल अक्षरं येतील. घाबरू नका." ते दोन शब्द मी बऱ्याचदा वाचले. लाल अक्षरं आली आणि मी घाबरले नाही.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणते ती?"

म्हटलं, "घाबरू नका म्हणते."

"वह्यांचं काही लिहिलंय?"

"नाही."

"कशी लिहील? तोंड आहे का लिहायला," सासूबाई म्हणाल्या. मी पाणी प्यायला उठले.

चौकट मोठी झाली. दोन हजार अक्षरं मावतात म्हणे. मी लगेच जुनी नोंद उघडली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या तिथल्या तिथेच तुटलेल्या. तुझा अकरावा आकडा मी आधी वाचला नव्हता असं नाही. "जुना कापला गेलेला मजकूर परत येणार नाही." वाचला होता. तरी दहा आकडे मन लावून केले, की एवढं केल्यावर त्याला लाज वाटेल आणि तो ओकेल. भांडं मोठं आणलं म्हणून सांडलेलं दूध परत येतं का? पण माणसाचं मन बघ.

आता ग्रंथपालबाईंचं. मी तुला थोडी तक्रार आहे म्हणून कळवलं, मग थोडं लागलं आहे म्हणून कळवलं. त्या गुरुवारपासून इस्पितळात आहेत. बोट काळं पडलं आहे. डॉक्टर रोज येऊन पाहतात आणि उद्या ठरवू म्हणतात.

त्यांचा शेरा इथे उतरवते, जसा स्क्रीनवर आहे तसा.

"डावा पाय आखूड. टाचेखाली तीन थर, मधला मऊ. ग्रंथालयात दिवसभर उभ्या, शिडी चढतात, म्हणून पुढचा भाग लवचीक. पट्टा रुंद, एका हातानं लागेल असा. बोटांवरची शिवण आतून असली तरी चालेल असं बाई म्हणतात, पण"

पण. संपलं. पुढे काही नाही.

ऑगस्टमध्ये बाईंनी नवा जोडा सांगितला तेव्हा मी हे उघडून बसले होते. पुढे काय लिहिलं होतं ते आठवेना. पूर्वी मला सगळ्यांचे पाय तोंडपाठ असायचे, वही नुसती सोबतीला. याच्यात लिहायला लागल्यापासून मी आठवणीत ठेवणंच सोडलं. त्याला सांगितलंय ना, मग झालं. तर मी त्या 'पण'कडे पाहत बसले आणि वाक्य मीच पुरं केलं. पण जोडा जड व्हायला नको. असंच लिहिलं असणार. बाई शिडी चढतात, त्यांना जड कसा चालेल? बरोबर बसत होतं. आतून शिवण घेतली की जोडा हलका होतो. मी आतून घेतली.

बाईंना फोन करायला हवा होता. पाय पुन्हा मांडीवर घ्यायला हवा होता. नाही केलं. "तुमची सगळी नोंद आहे आमच्याकडे," असं तीस वर्षं छातीठोकपणे सांगितलंय मी लोकांना. नोंद गेली, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते?

एवढं लिहायला मला तीन पत्रं लागली.

तुझी जाऊ


२६ ऑक्टोबर

धाकटीस,

काल इस्पितळात जाऊन आले. बाईंची खाट खिडकीशी आहे. उशाशी पुस्तकं, पायाशी चादरीला उंच धरणारी लोखंडी कमान. मी हे सगळं लिहितेय म्हणजे मुद्द्यावर यायला वेळ लावतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मी त्यांना विचारलं, "बाई, गेल्या खेपेला शिवणीबद्दल आपलं काय बोलणं झालं होतं?"

त्यांना आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "विसरलात? तुम्ही मला झापलं होतं. मी म्हटलं, शिवण आतून असली तरी मला काही टोचत नाही. तुम्ही म्हणालात, टोचत नाही हेच तर तुमचं दुखणं आहे बाई, त्या पायाच्या बाबतीत मी तुमचं अजिबात ऐकणार नाही. शिवण बाहेरूनच. मला राग आला होता तुमचा. पण दोन वर्षं त्या जोड्यात पायाला ओरखडा नाही आला."

तर हे होतं 'पण'च्या पुढे. माझंच वाक्य.

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही ते वहीत लिहून घेतलं होतंत की. निळ्या पुठ्ठ्याच्या. ती वही कुठे आहे?"

मी म्हटलं, "घरातल्या कुणीतरी रद्दीत दिली."

कुणीतरी. असं म्हणाले मी. त्यांचा पाय तिथे कमानीखाली, आणि मी म्हणाले कुणीतरी.

बाईंचा जन्म पुस्तकं सांभाळण्यात गेला. त्या जराही चिडल्या नाहीत. "अरेरे," म्हणाल्या, "ज्यानं दिली त्या बिचाऱ्याला माहीत नसेल आपण काय देतोय." त्यानंतर मला तिथे बसवेना. संत्री खुर्चीवर ठेवली आणि निघाले, ती खुर्ची त्यांच्या हाताला येत नाही हे जिन्यात आल्यावर लक्षात आलं. परत नाही गेले.

आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्या अक्षरात ते कुठेच नाही.

जानेवारीतला गुरुवार. तू आणि भाऊजी चामडं आणायला गेला होतात. मी एक्केचाळीस वह्या कपाटातून काढल्या, सुतळीनं बांधल्या आणि रद्दीवाल्याला हाक मारली. मला ते कपाट हवं होतं. जावईबापूचा प्रिंटर जमिनीवर होता, धुळीत. त्याला बरी जागा द्यायची होती. हे आहे कारण. तीस वर्षं गेली आणि त्या जागी मी प्रिंटर ठेवला, वर क्रोशाचा रुमाल घातला.

तू आलीस, कपाट पाहिलंस. म्हणालीस, "ताई, एकदा सगळं नीट उतरलंय का ते तपासायचं तरी होतं." मी म्हटलं, "का गं, तुझाच तुझ्या कॉम्प्युटरवर विश्वास नाही?" तेव्हा फक्त आपण दोघीच होतो.

महिन्यानं पोस्टमन आला, त्याचा शेरा उघडला आणि तो अर्ध्यात तुटलेला निघाला. मग पुढचा, मग सगळेच. सगळे जमले. हे म्हणाले, "ठीक आहे, वह्या काढा." आणि मी म्हणाले, "मला काय विचारता, तिला विचारा. कॉम्प्युटर आल्यापासून तिचंच राज्य आहे इथे."

आठ महिने मी स्वतःला सांगत आले की यातला एक शब्द खोटा नाही. मी कुठे म्हटलं तू दिल्यास म्हणून? बाकीचं सगळ्यांनी आपापलं पुरं केलं. सासूबाईंनी तुला नको नको ते सुनावलं. भाऊजी आईला उलटून बोलले, आयुष्यात पहिल्यांदा. तीन आठवड्यांत तुमचं सामान बांधून झालं. आणि मी दारात उभं राहून म्हटलं, "जपून जा."

तू तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतंस, मी 'तिला विचारा' म्हणाले तेव्हा. मी वाट पाहिली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि ही बोलली की मी कबूल करीन. तू बोलली असतीस तर मी कबूल केलं असतं.

हे वरचं वाक्यही खोटं आहे. नसतं केलं.

तू गप्प का राहिलीस, याचा मला अजून उलगडा होत नाही. चौकट तुझी लहान पडली, त्याची लाज? की मला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नव्हतं? काहीही असो, त्या गप्प राहण्याचा मला फार राग येतो. तू आरडाओरडा केला असतास तर मी तुला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. आता सुनावायला कुणी नाही म्हणून एका खोक्याला हातोडीनं मारतेय.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू मला चौकटीचं सांगितलं नव्हतंस. सांगितलं होतंस. पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवलं होतंस. "ताई, शेरा दोनच ओळी. जास्त मावत नाही." मी ती दुसऱ्याच दिवशी काढली. मला वाटलं तू माझ्या बोलण्याला टोमणा मारते आहेस. शिवाय त्याच्या तोंडावर ती चिठ्ठी बरी दिसत नव्हती. ती माझ्या सुयांच्या डबीत आहे, अजून.

मात्र एक सांगते. दोनशेच्या पुढचं गिळायचं होतं तर त्यानं निदान सांगायला हवं होतं, आणि ते त्याला शिकवणं तुझं काम होतं. तेवढा दोष तुझा. तो मी माझ्या अंगावर घेणार नाही. बाकीचा सगळा माझा.

घरी अजून सांगितलेलं नाही.

तुझी जाऊ


२ नोव्हेंबर

धाकटीस,

बोट काढलं. अंगठा वाचला. बाई शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाल्या असतील? "आता तुम्हाला नवा साचा करावा लागेल." माझ्याचकडून करून घेणार आहेत. दुसरीकडे जा म्हणून सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि या म्हणायलाही.

घरी सांगायचं म्हणून तीन दिवस जेवणाच्या टेबलाशी बसतेय. पहिल्या दिवशी ह्यांनी मीठ मागितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई तुझं नाव न घेता तुझ्याबद्दल बोलायला लागल्या, "ती असती तर पाणी आधी आणून ठेवलं असतं," आणि मग स्वतःच रागावून म्हणाल्या, "पण घर बुडवून गेली." तो सांगायचा क्षण होता. मी भात वाढला.

काल दुपारी काय केलं माहीत आहे? जावईबापूसमोर बसले आणि सगळं त्याला सांगितलं. नवी चौकट, दोन हजार अक्षरं, खच्चून भरली. कपाट, सुतळी, प्रिंटर, तू, बाईंचं बोट. एंटर दाबलं, परत उघडून पाहिलं, शेवटच्या अक्षरापर्यंत शाबूत. मला इतकं हलकं वाटलं की मी वर जाऊन झोपले. उठल्यावर लक्षात आलं, मी कुणालाच काही सांगितलेलं नाही.

त्याला सांगितलं की सांगितल्यासारखं वाटतं, हाच सगळा घोटाळा आहे. चौकट लहान होती तेव्हाही हाच होता. तो बिचारा काही म्हणत नाही, मी ऐकतो असं तो कधीच म्हणाला नव्हता. मीच आपली शाल घालत बसले. आणि तुला लिहिलेल्या या पत्रांचंही तेच. तुला ठाऊक असलेलीच गोष्ट तुला कळवायची आणि सुटल्यासारखं वाटून घ्यायचं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, ही चोराची सुलट बोंब, पण बंद खोलीत.

ती नोंद मी पुसली. शाल काढून घेतली, थंडी सुरू झाली आहे. पंखा ह्यांच्याकडे वळवला, तर ह्यांना सर्दी झाली.

तुझी जाऊ


५ नोव्हेंबर

धाकटीस,

तुझे अकरा आकडे वाचून चौकट परत दोनशेची केली. लाल अक्षरं आली. हे खालचं आधी त्यात लिहून पाहिलं, एंटर दाबलं, उघडून तपासलं. पुरतं मावलं. ती नोंद आता पुसली आहे, कागद तेवढा तुला.

वह्या रद्दीत मी दिल्या, तू नाही. काल जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. आज बाईंनाही. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. बारा तारखेला बाईंचं नवं माप आहे. ये. या वेळी तू सांग, मी लिहीन. थोडक्यात.